भिंतीतलं भगदाड : मुंबई लोकलच्या रुळांवरचे मृत्यू आणि ते कमी करण्याचे प्रयत्न

मुंबईच्या एका उपनगरी स्थानकाचा फलाट जिथे उताराला लागतो, तिथून थोडं पुढे रेल्वे हद्दीची भिंत आहे आणि त्या भिंतीत एक भगदाड आहे. माणूस जरा वाकून, खांदा तिरका करून पलीकडे जाईल एवढं. खालच्या विटा चपलांनी घासून गुळगुळीत झाल्यात. मी या भागात राहायला आल्यापासून ते तीनदा बुजवलेलं पाहिलं. एकदा विटा-सिमेंटने, एकदा पत्रा ठोकून, एकदा जुन्या रुळांचे तुकडे उभे रोवून. दर वेळी पंधरवड्याच्या आत ते पुन्हा उघडलं.

अलीकडे वस्ती. पलीकडे शाळा, भाजीबाजार, रिक्षा स्टँड. मधे चार मार्ग, दोन स्लो आणि दोन फास्ट. पादचारी पूल आहे, चांगला रुंद आहे, पण त्याचा जिना फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उतरतो. म्हणजे वस्तीतून पुलापर्यंत चालायचं, चढायचं, उतरायचं आणि पलीकडे पुन्हा तेवढंच मागे यायचं. पाठीवर दप्तर असलेलं पोर हा हिशेब पहिल्याच दिवशी शिकतं. एका सकाळी डोक्यावर मेथीच्या जुड्यांची टोपली घेऊन निघालेल्या मावशींना मी म्हटलं, "मावशी, पूल आहे ना तिकडे." त्या थांबल्या नाहीत. चालता चालताच म्हणाल्या, "पूल हाय बाबा. पन ह्ये वझं घिऊन जिना कोन चढंल? आन् पानी जायच्या आत घरी याया लागतं."

मागच्या पावसाळ्यात त्याच वाटेवर आमच्या ओळखीतला एक तरुण गेला. स्लो मार्गावरून गाडी गेली, तिचा शेवटचा डबा पुढे सरकला तसा तो निघाला. शेजारच्या फास्ट मार्गावर उलट दिशेने दुसरी गाडी येत होती. ती पहिल्या गाडीच्या आड होती आणि तिचा आवाजही पहिलीच्या आवाजात मिसळला होता. त्याच्या कानात हेडफोन नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो.

हा प्रश्न मला या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी दिसतो. माणूस रुळांवर गेला की आपण आधी त्याची चूक शोधतो. चूक सापडली की जागेकडे पाहायचं राहून जातं. मुंबईत गेल्या पंधरा-वीस वर्षांत जिथे जिथे मृत्यू कमी झाले, तिथे कुणीतरी आधी जागेकडे नीट पाहिलं होतं.

मृत्यू कुठल्या रकान्यात पडतो

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर गाडी धावली आणि पुढे शहर त्या रुळांच्या दोन्ही बाजूंनी वाढत गेलं. त्यामुळे मुंबईत रूळ शहराच्या मधोमध आहेत. प्रत्येक उपनगराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पडलेत. घर इकडे, दवाखाना तिकडे. रोज सुमारे ७५ लाख प्रवासी लोकलने ये-जा करतात, आणि गाडीत न बसता नुसते रूळ ओलांडणारे वेगळेच. त्यांची मोजदाद कुठल्याच तिकिटात होत नाही.

२०१३-१४ च्या सुमारास मुंबईच्या रुळांवर वर्षाला जवळपास साडेतीन हजार माणसं मरत होती. २०२४ मध्ये हा आकडा अडीच हजारांच्या आसपास आला. दिवसाला नऊ-दहा होते, ते सहा-सात झाले. २०२० मध्ये तो अकराशेच्या घरात उतरला होता, पण त्या वर्षी मार्चच्या अखेरीपासून सर्वसामान्यांना लोकल बंद होती, म्हणून ते वर्ष तुलनेत धरता येत नाही. दहा वर्षांत हजारभर जीव कमी गेले ही लहान गोष्ट नाही. उरलेल्या अडीच हजारांचं काय, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

हे मृत्यू लोहमार्ग पोलिसांच्या नोंदवहीत रकान्यांनी मांडलेले असतात. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, खांब लागून, फलाटाच्या फटीत सापडून, विजेचा धक्का, आत्महत्या, नैसर्गिक. सगळ्यांत मोठा रकाना रूळ ओलांडतानाचा, एकूण मृत्यूंच्या निम्म्याच्या आसपास. त्याच्या खालोखाल गाडीतून पडण्याचा.

रकाना हा कारकुनी तपशील वाटतो, पण पुढचं सगळं त्यावर ठरतं. गाडीतून पडून गेलेल्या प्रवाशाच्या घरच्यांना रेल्वे कायद्याच्या कलम १२४ अ खाली भरपाई मागता येते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ती आठ लाख रुपये आहे. रूळ ओलांडताना गेलेला माणूस मात्र कलम १४७ खाली गुन्हेगार ठरतो, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड असलेल्या गुन्ह्याचा. दोन गाड्या धडकल्या तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशीला येतात, सिग्नलपासून ब्रेकपर्यंत सगळं तपासलं जातं, अहवाल निघतो. त्याच मार्गावर, त्याच दोन खांबांच्या मधे वर्षभर माणसं एकेक करून गेली, तर प्रत्येकाचा पंचनामा होतो, आकस्मिक मृत्यूची नोंद होते आणि प्रकरण मिटतं. पंचनाम्यांची चळत एकत्र ठेवून कुणी विचारत नाही, की इथेच का?

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये हा प्रश्न विचारला. देशभरात वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसं रूळ ओलांडताना मरतात, आणि त्यांतली फार मोठी संख्या मुंबईतली, असं समितीने लिहिलं. रेल्वे या मृत्यूंना स्वतःचे अपघात म्हणत नसली तरी कुठल्याही सुसंस्कृत समाजाला हे हत्याकांड मान्य होणार नाही, इतक्या स्पष्ट शब्दांत ती बोलली. सरकारी अहवालात असा शब्द सहसा येत नाही. तो आला, याचं मला अजूनही मोल वाटतं.

वडाळ्याचे पिवळे स्लीपर

डिसेंबर २००९ मध्ये हार्बर मार्गावर वडाळ्याजवळ एक छोटा प्रयोग सुरू झाला. मध्य रेल्वेबरोबर तो करत होती फायनलमाइल ही मुंबईचीच संस्था, माणसाचं वागणं कशाने घडतं याचा अभ्यास करणारी. तिच्या माणसांनी सुरुवातीला रुळांकडेला उभं राहून लोक कसे ओलांडतात ते पाहिलं. माणसं आत्महत्येला निघालेली नसतात. ती थांबतात, गाडी पाहतात, अंदाज घेतात आणि मग निघतात. चुकतो तो अंदाज.

का चुकतो, याचं एक उत्तर डोळ्यांत आहे. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असं माणसाला वाटतं. हर्शेल लायबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने रेल्वे फाटकांवरच्या अपघातांबाबत १९८५ मध्येच हे मांडलं होतं. त्यात गाडी सरळ अंगावर येत असली की ती फक्त थोडी थोडी मोठी होताना दिसते, आजूबाजूच्या वस्तूंच्या मानाने ती किती सरकली ते कळत नाही. आता ताशी ८० किलोमीटरचा हिशेब करा. गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. खडीतून, चपला सावरत, हातात पोर धरून चार मार्ग ओलांडायला पंधरा-वीस सेकंद सहज जातात. तेवढ्यात गाडी सव्वातीनशे ते साडेचारशे मीटर पुढे आलेली असते. म्हणजे निघताना जी "लांब आहे" वाटली, तीच.

वडाळ्यात तीन गोष्टी केल्या गेल्या. पहिली, ओलांडण्याच्या जागेच्या आधीचे काही स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, भडक पिवळ्या रंगाने रंगवले. गाडी एका पिवळ्या पट्ट्यावरून दुसऱ्यावर येताना दिसली की तिचा वेग डोळ्यांना मोजता येतो. दुसरी, भोंगा. मोटरमन एक लांबलचक भोंगा देतो, आणि रुळालगत राहणाऱ्या माणसाला तो कावळ्याच्या ओरडण्याइतका सवयीचा झालेला असतो. त्याऐवजी ठरावीक अंतरावर पाटी लावून तिथे दोन तुटक, आखूड भोंगे द्यायला सांगितलं. मधल्या क्षणभराच्या शांततेने लक्ष वेधलं जातं. तिसरी गोष्ट म्हणजे फोटो. अंगावर येणारी गाडी पाहून भीतीने विस्फारलेला एका माणसाचा चेहरा, तीन चौकटींत. नेमका तिथे लावलेला, जिथून पाऊल रुळावर पडतं.

रंग, पाट्या आणि फोटो. खर्च किरकोळ. पुढच्या काही महिन्यांत तिथले मृत्यू आधीच्या निम्म्याहून खाली आले, असं प्रयोग करणाऱ्यांचं मोजमाप होतं, आणि मग रेल्वेने हे उपाय आणखी काही ठिकाणी नेले.

मला या प्रयोगाविषयी आदर आहे, तरी एक शंका नोंदवतो. आकडे एका जागेचे आणि थोड्या काळाचे आहेत. अशा ठिकाणी एखादं वर्ष आपोआपही बरं जाऊ शकतं. शिवाय रंग खडीच्या धुळीने आणि डब्यांच्या घाणीने काळा पडतो, फोटोची पण सवय होते. दर पावसाळ्यानंतर स्लीपर पुन्हा रंगवण्याची जबाबदारी कुणाच्या कामात लिहिलेली नसेल, तर उपाय दोन वर्षांत विझतो. असं असूनही वडाळ्याने एक गोष्ट पक्की केली. माणूस ओलांडतो कसा हे रुळाकडेला उभं राहून पाहावं लागतं, त्याला कार्यालयातून समज देऊन भागत नाही.

रुळालगतची घरं

याच्या खूप आधी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, दुसऱ्या एका गटाने जागेकडे पाहायला सुरुवात केली होती, आणि तो गट रुळालगत राहणाऱ्या बायकांचा होता. तेव्हा मध्य आणि हार्बर मार्गाला खेटून हजारो झोपड्या होत्या. काही तर रुळापासून हाताच्या अंतरावर. दारात बसून भांडी घासणाऱ्या बाईच्या पाठीला गाडीचा वारा लागायचा. लेकरू रांगायला लागलं की आई त्याच्या पायाला ओढणी बांधून दुसरं टोक खाटेला बांधायची. गाड्यांनाही तिथे वेग कमी करावा लागे, आणि त्याचा फटका सगळ्या प्रवाशांना बसे.

महिला मिलन, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि स्पार्क या तीन संस्थांनी मिळून वस्त्यांची मोजणी केली. मोजणाऱ्या बायका त्याच वस्त्यांतल्या होत्या. दारावर खडूने नंबर, घरात किती माणसं, रुळापासून घर किती फुटांवर, नळ कुठे, संडासाला कुठे जाता. सरकारी सर्वेक्षणात शेवटचे दोन प्रश्न सहसा नसतात, आणि रूळ का ओलांडले जातात ते नेमकं त्या दोन प्रश्नांत असतं. पहाटे अंधारात डबा घेऊन पलीकडे जाणारी बाई "शॉर्टकट" मारत नसते. तिला दुसरी जागाच नसते.

कांजूरमार्गला नव्या मार्गिकांसाठी नऊशेच्या आसपास कुटुंबं हलली, ती चर्चा करून, यादी करून. पुढे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात पंधरा हजारांहून अधिक कुटुंबं रुळांपासून दूर नेली गेली. कुटुंबांचे गट करून, शेजार शक्य तितका टिकवून स्थलांतर झालं. रुळालगतची पट्टी मोकळी झाली, तिथे भिंती बांधता आल्या, आणि भिंत टिकण्याची शक्यता वाढली, कारण तिच्या आत राहणारं कुणी उरलं नव्हतं.

पण याची दुसरी बाजू न सांगणं खोटेपणा होईल. यांतली बरीच कुटुंबं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतींत गेली. इमारतींमधलं अंतर इतकं कमी, की खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा. पुढे डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या अभ्यासात तिथे क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं, आणि त्याचा संबंध घरांच्या रचनेशी जोडला गेला. रुळापासून वाचलेल्या माणसाला कोंदट खोलीत आजारी पाडणं म्हणजे सुरक्षितता नव्हे. घर हलवताना रेल्वेचा माणूस रूळ पाहतो, बांधकामाचा माणूस चटईक्षेत्र पाहतो, आणि आरोग्याचा माणूस त्या बैठकीला बोलावलेलाच नसतो.

फलाटाची फट, पुलाची रुंदी

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला गाडी पकडताना एक कॉलेजची मुलगी फलाट आणि डबा यांमधल्या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. शहर हादरलं. मुंबई उच्च न्यायालयाने दखल घेतली, आणि फलाटांची उंची ९०० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचं काम पुढची काही वर्षं स्थानकामागून स्थानक चाललं. हे काम सोपं नव्हतं. गाड्या थांबवता येत नाहीत, म्हणून रात्रीच्या तीन-चार तासांच्या ब्लॉकमध्ये लाद्या उखडायच्या, भर टाकायची आणि पहिल्या लोकलच्या आधी फलाट चालण्याजोगा करायचा. आज डब्यात पाऊल टाकताना आपल्याला जे जाणवतही नाही, त्यामागे ही रात्रपाळी आहे.

त्यातून एक नवा धोकाही आला. रूळ ओलांडून येणाऱ्याला तो फलाट आता कमरेच्या वर लागतो, आणि गाडी समोर दिसल्यावर झटकन चढता येत नाही. म्हणून फलाटांच्या टोकांना आणि दोन मार्गांच्या मधे लोखंडी कुंपण घालणं हा त्याच कामाचा भाग मानायला हवा. जिथे दोन्ही झालं तिथे स्थानकातलं ओलांडणं डोळ्यांदेखत कमी झालं.

मग २९ सप्टेंबर २०१७. परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर पावसात गर्दी अडकली आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. हे सगळे नियम पाळणारे होते. पुलावरूनच चालले होते. रूळ ओलांडू नका, पूल वापरा, असं सांगणाऱ्या व्यवस्थेने पूल किती माणसांचा आहे हे मोजलं नव्हतं. शेजारी लष्कराने बांधलेला पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा बदल कागदावरचा होता. तोवर पादचारी पूल "प्रवासी सुविधा" या सदरात बसत, बाक आणि पाणपोईच्या रांगेत. एल्फिन्स्टननंतर तो सुरक्षेच्या सदरात गेला. सदर बदललं की पैशाचा अग्रक्रम बदलतो. पुढच्या वर्षांत मुंबईत जे पूल आणि सरकते जिने उभे राहिले, त्यांचं मूळ मोठ्या प्रमाणात इथे आहे.

विक्रोळीचं उदाहरण याच ओळीतलं. फाटक बंद झालं, पण पूर्व-पश्चिम जोडणारा पूल तयार व्हायला वर्षानुवर्षं गेली. तो वाहतुकीला खुला झाला १४ जून २०२५ ला. मधल्या काळात माणसं जात होती कशी? रुळांवरूनच. फाटक आधी आणि पूल नंतर, हा क्रम जिथे जिथे घेतला गेला तिथे त्याची किंमत पायी चालणाऱ्याने दिली.

पहिला तास

रुळांवर जखमी झालेला प्रत्येक माणूस जागीच जात नाही. पाय गेलेला, डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, घरचा नंबर सांगतो. रक्त थांबवून त्याला वेळेत टेबलावर घेतलं तर तो जगतो.

पूर्वी, आणि काही ठिकाणी अजूनही, काय होतं ते सांगतो. मोटरमन घटना कळवतो. स्टेशन मास्तर मेमो लिहितो. पोलीस येतात. स्ट्रेचर उचलायला हमाल शोधावा लागतो. जखमीला रुळांवरून फलाटावर, फलाटावरून पुलावर, पुलावरून रस्त्यावर आणायचं आणि मग गाडीत घालून शीव, केईएम, राजावाडी किंवा कळवा रुग्णालयात. सकाळच्या गर्दीत स्ट्रेचर घेऊन जिना चढणं म्हणजे काय, ते ज्याने उचललंय त्यालाच विचारा. मी एकदा एक बाजू धरली होती. पुढच्या हमालाने मला एकच सांगितलं, "दादा, त्याचं डोकं वरच्या बाजूला ठेवा आणि त्याच्याशी बोलत राहा."

या पहिल्या तासासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं न्यायालयात खेटे घातले ते समीर झवेरी. १९८९ मध्ये बोरिवलीला रेल्वे अपघातात त्यांचे दोन्ही पाय गेले. त्यांच्या याचिकांमुळे स्थानकांवर रुग्णवाहिका आणि वैद्यकीय कक्षांचा प्रश्न उच्च न्यायालयाने हाती घेतला. २०१४ पासून राज्याची १०८ सेवा आहे. काही स्थानकांवर डॉक्टर बसतो. या कक्षांचं चालणं आजही कंत्राट टिकतं की नाही यावर अवलंबून असतं, आणि कंत्राटदाराला ते परवडत नाही म्हणून कक्ष बंद पडणं मला समजण्यापलीकडचं आहे. आग विझवणारा बंब नफ्यात चालतो का, हे आपण विचारत नाही.

नॉर्वेतल्या हार्स्टाड नावाच्या छोट्या शहराचं उदाहरण इथे उपयोगी आहे. बोर्गे युटरस्टाड या शल्यविशारदाने १९८५ पासून रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक जखमेची नोंद, कुठे झाली आणि कशी झाली यासकट ठेवली, आणि ती माहिती शहराला परत दिली. वर्तमानपत्रात, पालकांच्या बैठकीत, दुकानदारांपुढे. स्टोव्हला आणि गरम पाण्याच्या नळाला भाजणाऱ्या लहान मुलांचं प्रमाण काही वर्षांत निम्म्यावर आलं. आपल्याकडे अशी नोंद करायला नवं काही लागत नाही. स्टेशन मास्तरच्या प्रत्येक मेमोवर घटना कुठल्या किलोमीटरला, कुठल्या खांबापाशी झाली ते लिहिलेलं असतं. ते खांब नकाशावर मांडून दर महिन्याला त्या त्या वॉर्डात लावले, तर भिंतीतलं कुठलं भगदाड आधी पाहायचं हे शाळेतलं पोरही सांगेल.

दार

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्र्यादरम्यानच्या वळणावर विरुद्ध दिशेने जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. चौघांचा त्याच दिवशी जीव गेला. त्याच दिवशी रेल्वेने जाहीर केलं, की नव्या सगळ्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील आणि जुन्यांनाही ती बसवली जातील.

बंद दाराची वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावतेय. साध्या लोकलचं दुखणं वेगळं आहे. दाराच्या चौकटीतूनच डब्यात हवा येते. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसं उभी असतात. दार बंद केलं तर श्वास घेणं मुश्कील. म्हणून झरोक्याची दारं, छतावरून हवा खेळवणारी यंत्रणा आणि डब्यांना जोडणारे आतले रस्ते, असा आराखडा पुढे आला. हवेचा प्रश्न अभियंते सोडवतील असं मला मनापासून वाटतं. वेळेचा प्रश्न अधिक कठीण आहे. गाडी स्थानकात वीस-तीस सेकंद थांबते. डोंबिवलीला सकाळी आठला दार लागेपर्यंत किती वेळ जाईल, आणि मागच्या गाड्या किती तुंबतील? दारात लटकणारा माणूस हौसेने लटकत नाही. आत जागा नाही आणि साडेनऊला मस्टर आहे. मध्य रेल्वेने आपल्या कार्यालयाच्या वेळा दोन पाळ्यांत विभागल्या आणि शहरातल्या इतर कार्यालयांनाही तसं करायची विनंती केली. याला मिळालेला थंड प्रतिसाद मला दुखतो. मालकांनी तासभर वेळ सरकवणं हा दार बसवण्याइतकाच सुरक्षेचा उपाय आहे, आणि तो उद्यापासून होऊ शकतो.

आमचं भगदाड

त्या तरुणाच्या जाण्यानंतर वस्तीतल्या बायकांनी, शाळेच्या दोन शिक्षकांनी आणि मी मिळून एक कागद केला. भगदाडातून कोण जातं, कधी जातं, कशासाठी जातं. उत्तरं चार निघाली. शाळा, बाजार, संडास आणि रिक्षा. गाडी पकडायला जाणारे अगदी थोडे. म्हणजे "प्रवाशांनी पुलाचा वापर करावा" ही उद्घोषणा ज्यांच्यासाठी आहे, ते तिथून जातच नाहीत, आणि जे जातात त्यांना फलाटावरची उद्घोषणा ऐकू येत नाही.

मागण्याही साध्याच लिहिल्या. असलेल्या पुलाला वस्तीच्या बाजूने जिन्याची एक फांदी, बाजाराच्या बाजूने दुसरी. वस्तीच्या अलीकडच्या अंगाला संडास. तोपर्यंत भोंग्याची पाटी आणि पिवळे स्लीपर. भगदाड बुजवायचं ते जिना तयार झाल्यावर, आधी नाही.

एका कार्यालयाने लिहिलं की पूल त्यांचा आहे, पण जिना जिथे उतरेल ती जमीन त्यांची नाही. दुसऱ्याने लिहिलं की जमीन त्यांची आहे, पण पूल त्यांचा नाही. दोन्ही पत्रं एकमेकांना जोडून आम्ही दोघांनाही पाठवली. आता येत्या महिन्यात दोन्हीकडचे अभियंते एकत्र जागा पाहायला येणार आहेत. मेथीवाल्या मावशींना हे सांगितलं, तर त्यांनी टोपली खाली ठेवली आणि वार विचारून घेतला. "त्यांना म्हनावं सकाळी या, आठाला. दुपारच्याला येऊन काय दिसनार? जिना कुठं उतरवायचा त्ये मी दावते."